दुलकामिदचा हजारावा दिवस

या, असे जवळ सरकून बसा. पाय आखडले असतील तर खुशाल पसरा, कोणी काही म्हणणार नाही. आज एका माणसाच्या शेवटच्या पाहुणचाराची गोष्ट सांगतो. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात एक गाणारा आहे. आणि जिथं कोणी देवाचं नाव गाऊन सांगतं, तिथं देवाचे कान जरा जास्त टवकारलेले असतात, असं मला आपलं वाटतं.

सेमारांग शहराच्या बंदरामागे, जुनी गोदामं आणि खाडी यांच्या मधे, आमची गल्ली आहे. इथली जमीन खचते आणि समुद्र चढतो. भरतीचं पाणी गटारातून उलटं वर येतं, गल्लीत शिरतं, आणि ओहोटीला मुकाट्यानं परत जातं. म्हणून दर चार-पाच वर्षांनी घराघरात भराव घालून जमीन वर उचलायची. छप्पर मात्र आहे तिथंच राहतं. त्यामुळे आमची घरं आतून बुटकी होत चालली आहेत. लग्नाच्या बोलण्यांत उंच मुलगा आला, की बायका आधी त्याची उंची बघतात आणि मग दाराची.

सगळ्यांत खाली होतं ते वारसितीचं घर. तिचा नवरा दुलकामिद गेल्यापासून तिनं भराव घातलाच नव्हता. “त्याचा हजारावा होऊ दे, मग उचलू जमीन,” म्हणायची. पलंग विटांवर चढवला होता, चूल ओट्यावर नेली होती, आणि भरती आली की ती पलंगावर पाय वर घेऊन जपमाळ ओढत बसायची.

आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी जेवण, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी, मग वर्षाला, आणि सरतेशेवटी हजारावा दिवस. त्या दिवशी गल्लीतले लोक जमतात, कुराणातली यासीन आणि फातिहा म्हणतात, जेवतात, डबे घेऊन घरी जातात. हजारावा झाला की मग त्या माणसासाठी पान मांडत नाहीत. त्यानंतरच्या सकाळी कबरीवर दगड बसवतात. म्हणजे बघा, दारापर्यंत सोडायला गेलेलं माणूस तिथं खरं परत फिरतं.

हा दिवस मोजायचं काम होतं तुकिरानकडे.

तुकिराननं एकतीस वर्षं बंदरावर पोती मोजली. हमालाच्या पाठीवर पोतं दिसलं, की त्याच्या हातात बांबूची एक काडी द्यायची. गोदामाच्या दाराशी काड्या आणि पोती जुळली पाहिजेत. “एका काडीचा फरक पडला नाही कधी,” असं तो सांगे. गल्लीनं ते इतकं मनावर घेतलं होतं, की मशिदीची कामं बघणारे, असे दिवस मोजणारे जुने मोदिन लेकीकडे डोंगरात राहायला गेले, तेव्हा कोणीही न ठरवता ते काम तुकिरानच्या गळ्यात पडलं. आमचा बाजाराचा आठवडा वेगळा, पाच वारांचा; म्हणून सात वार एकीकडे, बाजाराचे पाच वार एकीकडे. माणूस गेला तो वार धरून सहावा वार, तो बाजारवार धरून पाचवा. दोन्ही जुळले की हजारावा. तुकिरान हे बोटांच्या पेरांवर करायचा, डोळे मिटून.

आणि दुलकामिद तर त्याचा जिवाचा माणूस. वयानं तीन वर्षांनी मोठा, म्हणून तुकिरान त्याला ‘कांग’, म्हणजे दादा म्हणे, आणि वारसितीला ‘यु’, म्हणजे ताई. दोघांना एकच नाद होता, धर्मगुरू क्याई मुंधिर यांचं निरूपण ऐकायचा. क्याई मुंधिर धर्माच्या गोष्टी सांगतात त्या गाऊन. आधी कुराणातली एक ओळ, मग तिचा जावानी भाषेत अर्थ, मग तोच अर्थ चालीवर. बायका ओढणीनं डोळे पुसतात आणि पुढच्याच वाक्याला हसून लोळतात. हे दोघं एका सायकलवर, एक पुढे एक मागे, तीस-तीस किलोमीटर जायचे त्यांना ऐकायला. दुलकामिद आजारी पडला तेव्हा एवढंच म्हणाला होता, “सिती, हजाराव्याला क्याईंना बोलव. बाकी काय शिजवायचं ते शिजव.”

क्याईंची तारीख मिळणं सोपं नाही. वारसितीनं आठ महिने आधी निरोप धाडला होता. तुकिराननं मोजून दिलेला रविवार मिळाला. तोही दुपारच्या असरच्या नमाजनंतर, कारण त्या महिन्यात पाणी मगरिबला, म्हणजे सूर्य बुडताना चढायचं, आणि रात्री क्याईंना देमाक शहरात मोठ्या सभेत बोलायचं होतं.

त्या रविवारी सकाळी तुकिरान मशिदीतल्या चटया खांद्यावर घेऊन वारसितीच्या दारातून वाकून आत शिरला. आत सात-आठ बायका कांदे सोलत होत्या. नारळाच्या दुधात अख्ख्या कोंबड्या रटरटत होत्या. लास्त्री नावाची शेजारीण तव्यावर आपेमच्या गोल गोल पोळ्या टाकत होती.

“म्बाह, डोकं सांभाळा,” ती आजोबांना हाक मारावी तशी ओरडली. “चौकट मोडली तर आज सुतार मिळायचा नाही.”

“तुझी जीभ आहे ना, रंध्यासारखी. ती वापरू,” तुकिरान म्हणाला आणि चटया टेकवल्या.

“बस रे,” वारसिती म्हणाली. “चहा घे. आणि इथं लुडबुडू नकोस.”

तो उंबऱ्याजवळ टेकला. लास्त्रीला लग्न होऊन गल्लीत येऊन दोनच वर्षं झाली होती. तिनं दुलकामिदला बघितलं नव्हतं. तिनं सहज विचारलं, “यु, शेवटी त्रास झाला का हो त्यांना?”

“छे गं. चहा मागितला होता,” वारसिती कांद्यावरून नजर न काढता म्हणाली. “मगरिबचा नगारा झाला. मी म्हटलं, नमाज पढून येते, मग देते. तीन रकात पढले, नमाजचा पांढरा बुरखा तसाच अंगावर, आणि कप घेऊन गेले. एक घोट घेतला. म्हणतो, साखर कमी आहे. मी साखर आणायला उठले. आले तर…” तिनं सोललेला कांदा टोपलीत टाकला. “साखर हातातच राहिली बघ.”

 कोणीतरी नाक ओढलं. ते कांद्यामुळे असेल, नसेल.

तुकिरानचा चहाचा पेला मात्र ओठाशी थांबला होता.

दुलकामिद गेला तेव्हा तो सुराबायाला लेकीच्या बाळंतपणासाठी गेला होता. परतला तिसऱ्या दिवशी. पुढचे सगळे दिवस मोदिननी मोजले होते. हा एकच, शेवटचा, त्यानं मोजला. तो कशावरून? सरकारी दाखल्यावरून. दाखल्यावर लिहिलं होतं मंगळवार. आणि आमच्याकडे दिवस मध्यरात्री बदलत नाही हो. सूर्य बुडाला, मगरिबचा नगारा झाला, की पुढचा दिवस लागला. दुलकामिद सरकारच्या लेखी मंगळवारी गेला होता. देवाच्या लेखी बुधवारी.

त्यानं पेरं मोजली. एकदा, दोनदा. अंगठा दर वेळी एक पेर पुढे जाऊन थांबला. हजारावा दिवस सोमवार होता. आज होता नऊशे नव्व्याण्णवावा.

तो उठला. “जरा येतो,” म्हणाला आणि मशिदीच्या पायरीवर जाऊन बसला.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? कोणाला कळणार होतं? चाळीस घरांना आमंत्रण गेलेलं. कोंबड्या शिजलेल्या. क्याई वाटेला लागले असतील. एक दिवस इकडे की तिकडे, यासीन तीच, फातिहा तीच. तुकिराननं स्वतःला हे सगळं समजावलं, आणि ते त्याला जवळजवळ पटलंही. पण डोळ्यांपुढे एकच येत होतं. दुलकामिद घराच्या दारात उभा आहे, जायला एक दिवस बाकी आहे, आणि हा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतोय, निघ कांग, वेळ झाली. आणि तोही बिचारा निघतोय, कारण सांगणारा तुकिरान आहे, आणि तुकिरानचं मोजणं चुकत नाही.

त्यानं पायरीवरच तोंडावरून हात फिरवला, “या अल्लाह, जीभ चालू दे” म्हणाला, आणि परत गेला.

“यु,” तो म्हणाला, “माझं चुकलं.”

“काय सांडलंस?” वारसिती म्हणाली.

“दिवस. एक दिवस सांडला.” आणि त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कांदे सोलणाऱ्या सुऱ्या एकेक करत थांबल्या. आपेमची एक पोळी करपली तरी कोणी वळून पाहिलं नाही.

वारसितीनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “एकतीस वर्षं तू काय मोजत होतास रे? पोती की कबुतरं?”

“बोल यु. बोलशील तेवढं कमीच आहे.”

“दाखला बघितलास. मला विचारलं नाहीस. त्याच्या उशाशी मी होते की सरकार?”

तुकिराननं मान खाली घातली. 

“मग आता उद्या करायचं?” लास्त्री म्हणाली. “एवढं सगळं रात्रीत आंबेल. आणि क्याई उद्या कुठं मिळायचे?”

“क्याईंशिवाय नाही,” वारसिती म्हणाली. “तेवढं एकच मागितलं होतं त्यानं.” तिनं हात ओढणीला पुसले. मग तुकिरानकडे बघितलं, तेही अशा नजरेनं, की जणू वर्गातल्या ढ मुलाला शेवटचा प्रश्न विचारते आहे. “दिवस बदलतो कधी?”

“मगरिबला.”

“आज मगरिब झाली की कुठला दिवस?”

“सोमवार.” तो थांबला. “सोमवार, यु! सोमवारच!”

“मग असरनंतर तीन तास थांबायला काय झालं? का कोंबड्या उडून जाणार आहेत?”

“पण पाणी…” एक म्हातारी म्हणाली. “मगरिबला तर इथं घोट्यापर्यंत येतं. नंतर पोटरीपर्यंत.”

“येऊ दे. पाणी काय परकं आहे? तोही त्याच पाण्यात पाय ठेवून चहा प्यायचा.” वारसितीनं सुरी उचलली. “बाकं आणा शाळेतली. पण तुकिरान, क्याईंना मी सांगणार नाही. तू मोजलंस, तू सांग.”

असरची नमाज झाली आणि क्याई मुंधिर जावयाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. पंचाहत्तरीचे, काटकुळे, डोईला पांढरा फेटा, आणि त्या एवढ्याशा देहात तो आवाज कुठं मावतो, असा प्रश्न पडावा. गल्लीतले लोक सलाम करायला वाकले. तुकिरान सगळ्यांत शेवटी गेला, त्यांचा हात कपाळाला लावला, आणि तो हात न सोडताच सगळं सांगून मोकळा झाला.

क्याईंनी विचारलं, “मोजलं कोणी?”

“मीच, क्याई.”

“आणि सांगायलाही तूच आलास.”

“हो.”

“हं.” ते वारसितीच्या बुटक्या दाराकडे बघत राहिले. “देमाकला आठ वाजता चारशे माणसं बसणार. मंडप घातलाय, कर्णे लावलेत. इथं किती?”

“तीस-पस्तीस. पाण्यात.”

“मगरिबनंतर मी इथं बसलो, तर तिथं पोहोचायला साडेआठ, नऊ. लोक उठून जातील.” ते थोडं हसले. “लोकांना माझ्या गाण्याची आवड आहे, पण घरी भातही थांबलेला असतो.”

“फोन करतो ना मी,” जावई म्हणाला.

“फोनवर ‘उशीर होईल’ एवढंच ऐकू जातं. म्हणतील, म्हातारा मोठा झाला, आता वाट बघायला लावतो. समोर माणूस उभा राहून का ते सांगेल, तर थांबतील. माणसाचं तोंड बघितलं की लोक थांबतात.” क्याईंनी तुकिरानच्या खांद्यावर हात ठेवला. “कोणीतरी जायला हवं. आता निघून.”

तुकिरानला कळलं.  देमाकला जायचं म्हणजे दुलकामिदच्या हजाराव्याला तो नसणार. ज्याच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून त्यानं निम्मं आयुष्य निरूपणं ऐकली, त्याच्यासाठी क्याई गाणार, आणि तेवढंच एक निरूपण तो ऐकणार नाही.

तो एकदा म्हणणार होता, की दुसऱ्या कोणाला पाठवा. जिभेवर आलंही होतं. पण दुसरा कोणी जाऊन सांगणार काय? दुसऱ्याची चूक?

“जातो,” तो म्हणाला.

वारसिती दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं सगळं. ती आत गेली आणि केळीच्या पानात बांधलेलं पुडकं आणून त्याच्या हातात कोंबलं. “रस्त्यात खा. आणि वाऱ्यात कान बांध, नाहीतर उद्या मलाच काढा करावा लागेल.”

“यु, माझ्या वाटणीची यासीन…”

“तुझ्या वाटणीची तिथं म्हण. त्याला काय, दोन्हीकडून ऐकू येईल.”

जावयानं त्याला मोटारसायकलवर घेतलं. वाटेत सायुंग गावाजवळ हमरस्त्यावरही पाणी आलं होतं. ट्रक हत्तींसारखे हळूहळू चालले होते. देमाकला पोहोचले तेव्हा सूर्य भातखाचरांच्या कडेला टेकला होता. जावई त्याला मंडपापाशी उतरवून लगेच परत फिरला, क्याईंना आणायला. थोड्या वेळानं मगरिबचा नगारा झाला. तुकिराननं परक्या मशिदीत, परक्या लोकांच्या रांगेत नमाज पढली आणि कोपऱ्यात बसून हलक्या आवाजात यासीन म्हटली. अधूनमधून तो थांबे. आता क्याई बसले असतील. आता पहिली ओळ. आता पाणी घोट्याला.

रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर मंडप भरला. आठ वाजले, सव्वाआठ झाले. लोक घड्याळं बघू लागले. व्यवस्थापकांनी त्याचं म्हणणं आधीच ऐकून घेतलं होतं. त्यांनी त्याला सरळ मंचावर चढवलं. “तुम्हीच सांगा म्बाह, आमचं कोणी ऐकत नाही.”

एकतीस वर्षं ज्यानं न बोलता काड्या वाटल्या, तो माणूस चारशे लोकांपुढे उभा होता. समोर कर्ण्यात स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. “माझं नाव तुकिरान,” तो म्हणाला. “क्याईंना उशीर होतोय तो माझ्यामुळे. मी एका मित्राचा हजारावा दिवस चुकीचा मोजला.” आणि त्यानं सांगितलं. दाखला, नगारा, चहा, साखर. ‘पोती की कबुतरं’ हेही सांगितलं. तेव्हा बायकांच्या बाजूला हशा पिकला, आणि पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ मोठ्यानं म्हणाला, “आमच्या आजोबांचंही असंच झालं असेल का हो? तेही संध्याकाळी गेले!” मग शेजारच्यानं त्याला, आणि त्याच्या शेजारच्यानं आपल्या बायकोला, कोण किती वाजता गेलं ते विचारायला सुरुवात केली. कोणीही उठून गेलं नाही.

पावणेनऊला क्याई आले. सारोंगचा खालचा हातभर भाग ओला, पायांना चिखल. मंचावर चढले, बसले, आणि सलाम करून पहिलं जे बोलले ते असं: “पाण्यात पाय ठेवून पस्तीस माणसांनी आज एका माणसाला निरोप दिला. त्याचा एक मित्र तिथं नव्हता, कारण तो तुम्हाला थांबवायला इथं आला. तिथं एक आवाज कमी पडला. तो आपण भरून काढू. दुलकामिद, वारसितीचा नवरा, सेमारांग. फातिहा.”

आणि चारशे माणसांनी, ज्यांतल्या एकानंही दुलकामिदला पाहिलं नव्हतं, त्याचं नाव घेऊन फातिहा म्हटली. मंडपाच्या कापडात तो आवाज भरला. तुकिराननं हात वर केले होते. ते त्याला तोंडावरून फिरवायचे होते, पण बराच वेळ ते तसेच राहिले. मग क्याई गाऊ लागले.

सकाळी तो गल्लीत परतला तेव्हा ओहोटी होती. वारसिती दारातला गाळ खराट्यानं लोटत होती.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

“ऐकलं. इथं काय गायले?”

“कसं सांगू? मला काय चाली येतात का? पलंगावर बसून गायले. खाली सगळे बाकांवर, पाय पाण्यात. मधेच लास्त्रीचा वाडगा तरंगत क्याईंच्या पुढ्यात आला, तर त्यांनी गाता गाता त्यातली आपेम उचलली आणि खाल्ली.” ती हसली, मग खराटा टेकून उभी राहिली. “बरं झालं तू नव्हतास. रडून पाणी अजून चढवलं असतंस. चल, कबरीवर जायचंय. दगडवाला येतोय.”

ते दोघं निघाले. ती पुढे, तो दोन पावलं मागे.

तर असा तो दिवस. दुलकामिद बंदरावरचा साधा हमाल होता, त्याच्यामागे ना नाव ना घराणं. पण तुम्ही आता ऐकलंत, म्हणजे तुमचीही त्याच्याशी ओळख झाली. आज संध्याकाळी तुमच्या देवापुढे दिवा लावाल, नमाज पढाल, नुसते हात जोडाल, जे तुमच्यात असेल ते कराल, तेव्हा एक नाव तेवढं जास्तीचं घ्या: दुलकामिद, सेमारांगचा. एवढं माझ्यासाठी कराच.